कॅन्सरवर लक्ष, लघवीच्या नमुन्यातून

मूत्राशयातली कॅन्सरची गाठ दुर्बिणीतून खरवडून काढली, चार-दोन दिवसांत घरी सोडलं, आणि निघताना डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून बघायचंय. मग परत काही महिन्यांनी. या टप्प्यावर बहुतेक रुग्ण, विशेषतः पुरुष, एकच प्रश्न विचारतात: दरवेळी नळी घालणं चुकणार नाही का? लघवी तपासून कळत नाही का?

प्रश्न रास्त आहे. मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांची गाठ निदानाच्या वेळी अस्तरापुरतीच असते, स्नायूपर्यंत पोचलेली नसते. अशा वेळी सहसा जीवही वाचतो आणि मूत्राशयही वाचतं. पण हा आजार पुन्हा पुन्हा डोकं वर काढतो, म्हणून वर्षानुवर्षं त्याच्यावर लक्ष ठेवावं लागतं. या कामात लघवीची तपासणी मदत करते, काही रुग्णांच्या बाबतीत तर फार मोलाची मदत करते. मात्र कॅन्सर कोणता, तपासणी कोणती, तिच्याकडून कोणत्या प्रश्नाचं उत्तर हवंय आणि नमुना कसा धरला, यावर सगळं ठरतं. यातली शेवटची गोष्ट बऱ्याच अंशी रुग्णाच्या आणि घरच्यांच्या हातात असते, आणि नेमकी तिच्याबद्दलच सगळ्यात कमी माहिती दिली जाते.

आधी एक गैरसमज दूर करू. लॅबमध्ये जी ‘युरिन रूटीन’ होते, तिच्यात लाल पेशी, पू-पेशी, साखर, प्रथिनं हे सगळं दिसतं. कॅन्सरच्या पेशी त्या तपासणीत कोणी शोधत नाही. रूटीनचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला म्हणून दुर्बिणीची तारीख पुढे ढकलणारे बरेच भेटतात. असं करू नका.

पेशी सांगतात ते, आणि सांगत नाहीत ते

मूत्रमार्गाचं आतलं अस्तर जुन्या भिंतीच्या पोपड्यांसारखं सतत थोडं थोडं झडत असतं आणि त्या पेशी लघवीत येतात. आत गाठ असेल तर तिच्याही पेशी येतात. स्त्रियांच्या ‘पॅप’ तपासणीला ज्यांचं नाव मिळालं त्या जॉर्ज पापानिकोलाऊ यांनी व्हिक्टर मार्शल यांच्याबरोबर १९४५ साली लघवीच्या गाळातल्या पेशी रंगवून त्यांतून कॅन्सर ओळखण्याची पद्धत मांडली. युरिन सायटोलॉजी म्हणतात ती हीच, आणि आजही ती कामाची आहे.

तिची ताकद आणि तिची मर्यादा एकाच कारणातून येते. आक्रमक म्हणजे ‘हाय ग्रेड’ गाठीच्या पेशी एकमेकींना घट्ट धरून नसतात, त्या भरपूर झडतात, आणि त्यांचं केंद्रक इतकं मोठं व वेडंवाकडं असतं की पॅथॉलॉजिस्टच्या नजरेतून सहसा सुटत नाही. ‘लो ग्रेड’ गाठीच्या पेशी कमी झडतात आणि झडल्या तरी निरोगी पेशींसारख्याच दिसतात. युरोपच्या युरॉलॉजी संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत हा फरक आकड्यांत दिलेला आहे: हाय ग्रेड गाठी सायटोलॉजीत सापडण्याचं प्रमाण ८४ टक्के, लो ग्रेडचं १६ टक्के. तेव्हा तुमच्या बायोप्सीच्या रिपोर्टवर काय लिहिलंय ते आधी पाहा. लो ग्रेड असेल तर सायटोलॉजी निगेटिव्ह येण्याला फारसा अर्थ नसतो.

रिपोर्टची भाषाही समजून घ्यायला हवी. सध्या बऱ्याच ठिकाणी ‘पॅरिस सिस्टीम’प्रमाणे रिपोर्ट देतात. तिची पहिली आवृत्ती २०१६ मध्ये आली आणि दुसरी २०२२ मध्ये. ‘निगेटिव्ह फॉर हाय ग्रेड युरोथेलियल कार्सिनोमा’ असं लिहिलेलं असेल तर ते शब्दशः घ्यायचं: हाय ग्रेड गाठीच्या पेशी दिसल्या नाहीत, एवढंच. लो ग्रेड गाठ आत असू शकते. ‘एटिपिकल’ म्हणजे पेशी थोड्या वेगळ्या दिसल्या. खडा, जंतुसंसर्ग किंवा औषध यांनीही त्या तशा दिसतात, त्यामुळे लगेच घाबरायचं कारण नाही, पण डॉक्टरांना रिपोर्ट दाखवल्याशिवाय फाइलमध्ये ठेवून द्यायचाही नाही. ‘सस्पिशियस’ आणि ‘पॉझिटिव्ह’ हे शब्द गांभीर्याने घ्यायचे. आणि ‘अनसॅटिस्फॅक्टरी’ लिहिलं असेल तर नमुना तपासण्यालायक नव्हता. रिपोर्ट चांगला की वाईट हा प्रश्नच उद्भवत नाही, नमुना पुन्हा द्यावा लागतो.

सायटोलॉजी पॉझिटिव्ह आणि दुर्बिणीत मूत्राशय मात्र स्वच्छ, असंही घडतं. रुग्णाला वाटतं, कोणीतरी चुकलंय. पण लघवी मूत्रपिंडापासून बाहेर पडेपर्यंत बराच रस्ता कापून येते आणि पेशी त्या रस्त्यावरच्या कुठल्याही ठिकाणच्या असू शकतात. मूत्रवाहिनीतली किंवा मूत्रपिंडाच्या आतल्या पोकळीतली गाठ अशीच उघडकीला येते. अस्तरात सपाट पसरणारा ‘कार्सिनोमा इन सिटू’ साध्या प्रकाशात अनेकदा दिसत नाही, पण पेशी मात्र भरपूर सोडतो. म्हणून अशा वेळी डॉक्टर सीटी युरोग्राफी, मूत्राशयाच्या वेगवेगळ्या भागांतून बायोप्सी असं सुचवतात. तो नसता खर्च समजू नका.

मग दुर्बीण चुकते का?

हाय ग्रेड आजारात नाही. तिथला रिवाज असा आहे: दुर्बीण आणि सायटोलॉजी दोन्ही, पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी, पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत दर सहा महिन्यांनी आणि त्यानंतर वर्षातून एकदा. इथे लघवीची तपासणी दुर्बिणीच्या जोडीला असते, तिच्या जागी नसते. कमी जोखमीच्या आजारात मात्र वेळापत्रक पुष्कळच सैल असतं: तीन महिन्यांनी एक दुर्बीण, ती स्वच्छ निघाली तर वर्षाच्या सुमारास दुसरी, मग पाच वर्षांपर्यंत वर्षातून एक. तुमच्यासाठी यातलं कोणतं वेळापत्रक आहे हे डॉक्टरांना स्पष्ट विचारून कागदावर लिहून घ्या. कमी जोखमीच्या रुग्णाने शेजारच्या खाटेवरच्या हाय ग्रेडवाल्याचं वेळापत्रक ऐकून धास्तावू नये, आणि हाय ग्रेडवाल्याने कमी जोखमीवाल्याचं ऐकून निर्धास्त होऊ नये.

वय फार झालंय, हृदय साथ देत नाही, किंवा रुग्ण दुर्बिणीला काही केल्या तयार नाही, अशा वेळी लो ग्रेड आजारात मूत्राशयाची सोनोग्राफी आणि लघवीतली मार्कर-तपासणी (ती पुढे येते) यांच्या आधारे लक्ष ठेवणं वर सांगितलेल्या युरोपीय सूचनांतही मान्य आहे. ही पळवाट म्हणून वापरायची नाही, पण ऐंशीच्या घरातल्या वडिलांची फरफट होत असेल तर डॉक्टरांसमोर हा विषय काढायला संकोच करू नका. त्रास नळीचाच असेल तर आणखी एक गोष्ट विचारा: दुर्बीण लवचिक आहे की ताठ? लवचिक दुर्बीण बधिरता आणणारी जेली लावून बाह्यरुग्ण विभागातच घालता येते आणि पुरुषांना तिचा त्रास बराच कमी होतो. दुर्बिणीला ठाम नकार देणारे काही जण एवढ्या माहितीवर तयार होतात.

नमुना कसा द्यायचा

लॅबच्या खिडकीवर प्लास्टिकची डबी हातात ठेवतात आणि ‘सकाळची पहिली लघवी आणा’ असं सवयीने सांगतात. गरोदरपणाच्या तपासणीला ते ठीक आहे. सायटोलॉजीसाठी ते चुकीचं आहे. रात्रभर मूत्राशयात राहिलेल्या लघवीत पेशी फुगतात, फुटतात, आणि मग पॅथॉलॉजिस्टला ओळखता येतील अशा राहत नाहीत. उठल्यावर एकदा लघवीला जाऊन या, दोन-तीन ग्लास पाणी प्या, थोडं चाला-फिरा, आणि दीड-दोन तासांनी येणारी दुसरी लघवी डबीत धरा. चालण्याने पेशी ढवळून लघवीत येतात. डबी भरपूर भरू द्या. पन्नास ते शंभर मिलिलिटर असेल तर उत्तम. तळाशी चमचाभर लघवी असलेली डबी देऊन काही साधत नाही.

डबी लॅबचीच घ्या. औषधाची किंवा लोणच्याची बाटली कितीही धुतली तरी चालत नाही. नमुना दिल्यावर तो ताजा असतानाच तपासायला घेतला गेला पाहिजे. लातूर किंवा नंदुरबारहून पहाटेच्या एसटीने निघून दुपारी मुंबई-पुण्याच्या हॉस्पिटलात डबी देणाऱ्यांची लघवी तोपर्यंत खराब झालेली असते. दोन मार्ग आहेत: हॉस्पिटलात पोचल्यावर तिथेच नमुना द्या, किंवा जवळच्या लॅबकडून पेशी टिकवणारं द्रावण घातलेली डबी आधीच मागून घ्या. बऱ्याच लॅब अल्कोहोलवर आधारलेलं द्रावण देतात. ते घरी स्वतः तयार करू नका.

डॉक्टरांनी ‘तीन सॅम्पल’ लिहिले असतील तर तीन वेगवेगळ्या दिवशी द्यायचे. एकाच दिवशी एकाच लघवीतून तीन डब्या भरून देणं हा पैशांचा अपव्यय आहे; एका नमुन्यात पेशी सापडल्या नाहीत तरी दुसऱ्या दिवसाच्या नमुन्यात सापडू शकतात, हाच तर तीन मागण्याचा हेतू.

स्त्रियांनी पाळीच्या दिवसांत नमुना देऊ नये. बाहेरचा भाग स्वच्छ पाण्याने धुऊन, सुरुवातीची धार सोडून मधली धार धरावी, नाहीतर योनीमार्गातल्या पेशी त्यात मिसळतात. लघवीला जळजळ, ताप, वारंवार जावंसं वाटणं असेल तर आधी संसर्गाचा इलाज होऊ द्या. मुतखडा असेल, नुकतीच दुर्बीण किंवा कॅथेटर घातलेला असेल, किंवा मूत्राशयात बीसीजी या औषधाचे डोस चालू असतील तर ते नमुन्याच्या अर्जावर लिहायलाच हवं. या सगळ्यांनी पेशी सुजतात आणि पॅथॉलॉजिस्टला पार्श्वभूमी माहीत नसेल तर त्याची दिशाभूल होऊ शकते. अर्जावर फक्त नाव आणि वय लिहून दिलेला नमुना म्हणजे अर्धीच तपासणी. ‘मूत्राशयाची हाय ग्रेड गाठ, अमुक महिन्यात काढली, बीसीजीचे सहा डोस झाले, शेवटचा अमुक तारखेला’ एवढी एक ओळ लिहिली, की सूक्ष्मदर्शकाखाली बघणाऱ्या माणसाचा निष्कर्ष बदलू शकतो.

पेशींचं रूप न बघता लघवीतल्या गुणसूत्रांवरून, जनुकांवरून किंवा प्रथिनांवरून आजाराचा माग काढणाऱ्या नव्या तपासण्याही आल्या आहेत. ‘युरोव्हिजन’ ही ‘फिश’ पद्धतीची तपासणी ३, ७ आणि १७ या गुणसूत्रांची संख्या आणि ९ क्रमांकाच्या गुणसूत्राचा एक तुकडा हरवलाय का, हे बघते. ‘एनएमपी २२’ हे एक प्रथिन मोजतात. ‘एक्सपर्ट ब्लॅडर मॉनिटर’, ‘ब्लॅडर एपिचेक’, ‘सीएक्सब्लॅडर’ अशी नावं तुमच्या कानावर येतील. काहींत आरएनए मोजतात, काहींत डीएनएवरच्या रासायनिक खुणा. लो ग्रेड गाठी पकडण्यात यांतल्या काही सायटोलॉजीपेक्षा सरस आहेत, पण खोटी घंटाही जास्त वाजवतात. हाय ग्रेडच्या रुग्णांमध्ये दुर्बीण आणि अशी तपासणी आलटून-पालटून केली तर चालेल का, हे डेन्मार्कमध्ये तपासून पाहिलं गेलं आहे. आपल्याकडे या तपासण्या महाग आहेत आणि मोजक्याच ठिकाणी होतात. माझं मत विचाराल तर सायटोलॉजीचा नमुना नीट देण्याने जो फायदा होतो, तो चुकीच्या वेळी केलेल्या महागड्या तपासणीने होत नाही.

चोवीस तासांची लघवी: मायलोमाच्या रुग्णांसाठी

लघवीतून कॅन्सरचा मागोवा घेण्याची सगळ्यात जुनी गोष्ट मूत्राशयाची नाही, मायलोमाची आहे. हाडांच्या मज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा हा कॅन्सर. १८४५ साली लंडनमध्ये एका रुग्णाची विचित्र लघवी हेन्री बेन्स जोन्स या रसायनशास्त्रात पारंगत डॉक्टरांकडे पोचली. तिच्यातलं प्रथिन कोमट केलं की साकळायचं, उकळलं की विरघळायचं आणि थंड झालं की परत साकळायचं. ‘बेन्स जोन्स प्रोटीन’ हे नाव त्यांच्यावरूनच पडलं. ही प्रतिपिंडांची सुटी साखळी असते, आणि मूत्रपिंड खराब करण्यात तिचा मोठा वाटा असतो.

मायलोमाच्या रुग्णांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: रूटीन तपासणीची पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन ओळखते, बेन्स जोन्स प्रोटीन तिला जवळजवळ दिसतच नाही. पट्टीवर ‘प्रोटीन निल’ आलं तरी ते लघवीतून जात असू शकतं. म्हणून चोवीस तासांची लघवी गोळा करून इलेक्ट्रोफोरेसिस आणि इम्युनोफिक्सेशन या तपासण्या करतात. लघवीतून दिवसाला २०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त एम-प्रोटीन (आजारी प्लाझ्मा पेशींनी तयार केलेलं प्रथिन) जात असेल तर औषधाचा परिणाम त्यावरून मोजता येतो. ते नव्वद टक्क्यांनी उतरलं किंवा २०० च्या खाली आलं तर अंशतः प्रतिसाद, १०० च्या खाली आलं तर त्याहून चांगला, असे आंतरराष्ट्रीय निकष आहेत. त्यांच्या जोडीला रक्तातलं एम-प्रोटीनही बघतात. रक्तातली हीच सुटी साखळी मोजणारी ‘फ्री लाइट चेन’ तपासणी आल्यापासून अनेकांचं काम रक्तावर भागतं, पण ज्यांचा आजार मुळात लघवीतच मोजता येतो त्यांना चोवीस तासांचा कॅन चुकत नाही.

हा कॅन भरणं सोपं वाटतं, आणि तिथेच घोळ होतात. समजा, सकाळी सात वाजता सुरुवात करायची. सातला लघवीला जा आणि ती लघवी टाकून द्या. वेळ मात्र लिहून ठेवा. त्यानंतर दिवसभराची आणि रात्रीची प्रत्येक लघवी कॅनमध्ये. दुसऱ्या दिवशी बरोबर सातला, लागली असो वा नसो, जाऊन या आणि ती शेवटची लघवी कॅनमध्ये घाला. बऱ्याच जणांकडून पहिली घेतली जाते आणि शेवटची सुटते, किंवा दोन्ही घेतल्या जातात. मग आकडा चुकतो आणि डॉक्टर चुकीच्या आकड्यावरून औषध बदलण्याचा विचार करू लागतात. शौचाला जाताना आधी डब्यात लघवी करून घ्या, नाहीतर तेवढी वाया जाते. ऑफिसात किंवा लग्नाला गेलात आणि एक जरी लघवी संडासात गेली, तर प्रामाणिकपणे सगळं ओतून दुसऱ्या दिवशी नव्याने सुरुवात करा. लपवून उपयोग नाही, कारण लॅबवाले त्याच लघवीतलं क्रिएटिनिन मोजून संकलन पूर्ण आहे की नाही याचा अंदाज घेतात. कॅन दिवसभर थंड जागी ठेवा. फ्रीजमध्ये ठेवायला घरचे नाखूश असतील तर थर्माकोलच्या खोक्यात बर्फाचे पॅक घालून ठेवता येतो. गोळा करण्यासाठी रविवार सोयीचा. सोमवारी सकाळी लॅब उघडताच कॅन पोचता करायचा.

मायलोमाच्या रुग्णाने नमुन्याच्या दिवशी आणि एरवीही पाणी भरपूर प्यावं, डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलेलं नसेल तर. आणि गुडघेदुखी-कंबरदुखीसाठी दुकानातून वेदनाशामक गोळ्या घेणं पूर्ण बंद. आधीच त्रासलेल्या मूत्रपिंडाला त्या निकामी करू शकतात.

ज्या गाठी रसायनं सोडतात

काही गाठी पेशी सोडत नाहीत, पण त्यांनी तयार केलेली रसायनं लघवीत उतरतात. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतल्या फिओक्रोमोसायटोमासाठी मेटानेफ्रिन मोजतात, आतड्यातल्या वगैरे न्यूरोएंडोक्राइन गाठींसाठी ‘५-एचआयएए’. या तपासण्यांचा कॅन कधीकधी आत आम्ल घातलेला मिळतो. ते ओतून टाकू नका, कॅन पाण्याने विसळू नका, आणि थेट त्यात लघवी करू नका, चटका बसेल. स्वच्छ मगात धरून हळूच ओता. मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा.

‘५-एचआयएए’च्या आधी दोन-तीन दिवस आणि नमुन्याच्या दिवशीही केळी, अननस, टोमॅटो, वांगी, अक्रोड, किवी बंद. या पदार्थांतल्या रसायनाने आकडा फुगतो. एकादशीच्या किंवा श्रावणी सोमवारच्या आसपास हा नमुना ठेवूच नये, कारण उपवासाला केळं हमखास पोटात जातं. पॅरासिटामॉल, खोकल्याची औषधं, नैराश्यावरच्या गोळ्या यांपैकी जे काही चालू असेल त्याची यादी डॉक्टरांना आधी दाखवा. कुठलं थांबवायचं ते त्यांनी ठरवायचं, तुम्ही नाही.

द्राक्षगर्भ (मोलर प्रेग्नन्सी) पडल्यानंतरचा पाठपुरावाही ‘बीटा एचसीजी’ या संप्रेरकाच्या आकड्यावर चालतो. ब्रिटनमध्ये यासाठी लघवीचे नमुने टपालाने मोजक्या केंद्रांकडे पाठवायची पद्धत वर्षानुवर्षं चालत आली आहे. आपल्याकडे मुख्य भर रक्ताच्या तपासणीवर आहे. घरच्या प्रेग्नन्सी-पट्टीवर यासाठी विसंबू नका: संप्रेरक अतोनात वाढलेलं असेल तर पट्टी चक्क निगेटिव्ह दाखवू शकते. आणि पाठपुरावा संपेपर्यंत दिवस जाऊ देऊ नका, कारण नव्या गर्भाचा एचसीजी आणि आजाराचा एचसीजी वेगळा ओळखता येत नाही.

लहान मुलांच्या न्यूरोब्लास्टोमा या कॅन्सरमध्ये व्हीएमए आणि एचव्हीए ही रसायनं लघवीत येतात. उपचार चालू असलेल्या मुलावर लक्ष ठेवायला त्यांचा चांगला उपयोग होतो. याच तपासणीचा एक इतिहास मात्र सगळ्यांनी वाचावा असा आहे. जपानने १९८० च्या दशकात सहा महिन्यांच्या निरोगी बाळांची लघवी सरसकट तपासण्याचा कार्यक्रम देशभर सुरू केला. गाठी भरपूर सापडू लागल्या. पण मोठ्या वयातल्या मुलांचे या आजाराने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. सापडणाऱ्या बऱ्याच गाठी आपोआप विरून जाणाऱ्या होत्या, आणि त्यांच्यासाठी तान्ह्या मुलांवर शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झाली. कॅनडातल्या क्विबेकमधल्या आणि जर्मनीतल्या अभ्यासांनी २००२ मध्ये हेच दाखवलं, आणि जपानने २००४ मध्ये कार्यक्रम थांबवला. आजारी माणसावर लक्ष ठेवायला उपयोगी असलेली तपासणी निरोगी माणसाला चाळायला उपयोगी असतेच असं नाही.

म्हणूनच ‘एका लघवीत सगळे कॅन्सर’ असं सांगणाऱ्या पॅकेजपासून दूर राहा. स्तनाच्या, तोंडाच्या, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर लक्ष ठेवायला आज लघवीची कोणतीही प्रस्थापित तपासणी नाही. प्रोस्टेटसाठी पीएसए ही तपासणी आहे आणि ती रक्ताची. प्रोस्टेटसाठी लघवीतली ‘पीसीए ३’ तपासणी निघाली ती पुन्हा बायोप्सी करावी की नाही हे ठरवायला, उपचारानंतरच्या पाठपुराव्याला नव्हे.

संशोधन मात्र मोठं रंगतदार आहे. २००४ मध्ये इंग्लंडमधल्या आमर्शमच्या डॉक्टरांनी सहा कुत्र्यांना मूत्राशयाच्या कॅन्सरच्या रुग्णांची लघवी हुंगून ओळखायला शिकवलं. नुसत्या योगायोगाने १४ टक्के वेळा बरोबर येईल तिथे कुत्र्यांचं ४१ टक्के वेळा बरोबर आलं. निरोगी म्हणून ठेवलेला एक नमुना कुत्रे पुन्हा पुन्हा ‘आजारी’ ठरवत होते; त्या माणसाला पुढे तपासल्यावर मूत्रपिंडात गाठ निघाली. अमेरिकेत एमआयटीमधल्या संगीता भाटिया यांच्या गटाने श्वासावाटे घ्यायचे सूक्ष्म कण तयार केले आहेत. फुप्फुसात गाठ असली तर ते कापले जातात आणि त्यांचा तुकडा लघवीत येऊन कागदी पट्टीवर दिसतो. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेलं हे काम उंदरांवरचं आहे. अशी बातमी वाचली की ती माणसांवर तपासलेली आहे का, एवढं आधी बघत जा.

शेवटी, ज्यांना अजून कॅन्सर झालेला नाही त्यांच्यासाठी. लघवी लाल झाली तर बीट खाल्लं होतं का आठवा. टीबीच्या औषधातल्या रिफॅम्पिसिनने ती केशरी होते हेही खरं. पण तसं काही नसताना लघवीतून रक्त गेलं, आणि विशेषतः जराही दुखलं नाही, तर ‘उन्हाळी लागली’ म्हणून धने-जिऱ्याचं पाणी आणि सब्जा घेत बसू नका. दोन दिवसांत रक्त थांबतं आणि माणूस विसरतो; कारण मात्र आत तसंच राहतं. चाळिशी उलटलेल्या आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसाने तर त्याच आठवड्यात युरॉलॉजिस्टकडे जावं, सोनोग्राफी आणि सांगितली तर दुर्बीण करून घ्यावी. मूत्राशयाच्या कॅन्सरचं सगळ्यात मोठं कारण तंबाखूचा धूर आहे, आणि विडी आजच सोडलेली बरी.